मामांच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्राविरुद्धचे अपील

पक्षाघातानंतर माझ्या मामांना मिळालेल्या प्रमाणपत्रात दिव्यांगत्व 40 टक्क्यांहून कमी नोंदले गेले, आणि त्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा त्यांचा अर्ज नामंजूर झाला. मूळ प्रश्न टक्केवारीचा असल्यामुळे तहसील कार्यालयाशी वाद न घालता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 नुसार प्रमाणपत्राविरुद्धच अपील केले. तपासणीत उजव्या हाताची पकड विचारात घेतलेलीच नव्हती, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून डिस्चार्ज कार्ड व फिजिओथेरपीच्या नोंदींसोबत, मामांना सदऱ्याचे बटण लावता येत नाही, घास उचलता येत नाही, हे मामींच्या शब्दांत लिहून जोडले. फेरतपासणीत टक्केवारी वाढली. नव्या प्रमाणपत्रासह पुन्हा केलेला अर्ज मंजूर झाला. अपिलाच्या प्रतीवर पोहोच मात्र आवर्जून घ्यावी.