जुन्या ट्रान्सफॉर्मर्ससाठी किती पैसे मोजावेत

हॅस्ब्रो कंपनीने 1984 साली अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे रूप बदलून गाडीसारखी दुसरी वस्तू बनणारी यंत्रमानव-खेळणी, आणली, तेव्हा त्यांतील बहुतेक यंत्रमानव जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या खेळण्यांच्या मालिकांच्या साच्यांतूनच निघालेले होते. या पहिल्या पिढीचा एखादा नग विकत घ्यायचा असेल, तर विक्रेत्याने मागितलेल्या किमतीपासून हिशेब सुरू करू नये. ईबे या ऑनलाइन लिलाव-विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. त्यांतून त्याच खेळण्याचे, तशाच अवस्थेतील पाच-सहा व्यवहार निवडावेत आणि सर्वांत महाग व सर्वांत स्वस्त व्यवहार वगळून उरलेल्यांची सरासरी काढावी.

खरी फसगत सुट्या भागांत होते. ऑप्टिमस प्राइम या ट्रान्सफॉर्मरचे उदाहरण घेतल्यास, त्याच्या मुठी, बंदूक, क्षेपणास्त्रे आणि रोलर ही छोटी गाडी मुलांच्या हातून हमखास हरवत असे. समजा, पूर्ण नग 10,000 रुपयांना जातो आणि मुठी व बंदूक नसलेला 6,500 रुपयांना मिळतो आहे. मुठींना 1,500, बंदुकीला 2,000 आणि दोन वेगळ्या विक्रेत्यांचे टपाल प्रत्येकी 700 धरले, तर अपुरा नग 11,400 रुपयांना पडतो. म्हणून त्याला 5,100 रुपयांहून अधिक देऊ नये. शोधाशोधीचा त्रास लक्षात घेता मी त्याहूनही कमीच देईन.

पिवळे पडलेले पांढरे प्लास्टिक, घासलेला क्रोमचा मुलामा आणि ढिले सांधे यांसाठी किंमत कमी करून घ्यावी. धातूची चमकी मिसळलेल्या सोनेरी प्लास्टिकची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्यातील काही प्रकार वयाबरोबर इतके ठिसूळ होतात की रूप बदलताना सांधा सहज तुटतो. असा नग केवळ मांडून ठेवण्याची वस्तू समजूनच घ्यावा.

पुनर्निर्मित, म्हणजे नंतर पुन्हा काढलेल्या, आवृत्त्या आणि नकलाही बाजारात भरपूर आहेत. 1985 पासून अस्सलपणाची खूण म्हणून बोटाने घासल्यावर चिन्ह उमटणारा एक चौकोनी स्टिकर लावला जाऊ लागला. परंतु 1984 च्या सुरुवातीच्या मालावर तो नव्हता, त्यामुळे तो नसला म्हणजे नग नकली, असे ठरत नाही. अंगावर कोरलेल्या मजकुराची आणि सर्व सांध्यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत. ती देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर नग पुनर्निर्मित आहे असे धरून त्याच भावाने मोजावे. खोकाही विकत घेणार असाल, तर त्याचा भाव वेगळा काढावा, कारण कित्येकदा रिकामा खोकाच आतल्या खेळण्याइतका महाग असतो.

परदेशातून मागवताना टपाल, सीमाशुल्क व कुरिअरचे हाताळणी शुल्क आपल्या कमाल रकमेतून आधी वजा करावे, उरलेला आकडा लिलाव सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहावा आणि बोली त्यापुढे गेली की खिडकी बंद करावी.