मुलीचं नाव सम्राज्ञी ठेवताय? आधी अर्थ, स्पेलिंग आणि नोंदणी नीट बघून घ्या

माझ्या भाचीचं नाव सम्राज्ञी आहे. आत्या म्हणून बारशाला तिच्या कानात कुर्रर्र मीच केलं, नावही मीच सुचवलेलं. ते ठरवायला दहा मिनिटं लागली असतील, पण इंग्रजीत कसं लिहायचं ते आधी न ठरवल्यामुळे जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरंच झालं, आणि मग भावाने ते दुरुस्त करायला किती चकरा मारल्या ते मी बघितलंय. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

आधी अर्थ. सम् हा उपसर्ग आणि राज् हा धातू, राज् म्हणजे झळकणं आणि राज्य करणं, दोन्ही. त्यातून पुल्लिंगी सम्राट, स्त्रीलिंगी सम्राज्ञी. सम्राट म्हणजे नुसता मोठा राजा नाही हं, अमरकोशात सांगितलंय की ज्याने राजसूय यज्ञ केलाय, जो राजमंडळाचा स्वामी आहे आणि ज्याची आज्ञा बाकीचे राजे मानतात तो सम्राट. म्हणजे राण्यांच्याही वरची ती सम्राज्ञी.

आणि हा शब्द कुठून येतो ते कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 85 वं सूक्त लग्नाचं आहे, त्यातली 46 वी ऋचा नव्या नवरीला आशीर्वाद देते, "सम्राज्ञी श्वशुरे भव, सम्राज्ञी श्वश्र्वां भव", पुढे नणंद आणि दीरही येतात, म्हणजे सासू सासरे नणंदा दीर सगळ्यांमध्ये तू सम्राज्ञी हो. इथे ती कुणा सम्राटाची बायको म्हणून सम्राज्ञी नाहीये, त्या घरात तिचं स्वतःचं राज्य आहे. कुणी विचारलं की एवढं जड नाव का ठेवलं, तर मी ही ऋचा सांगते.

आता मराठीत लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक, साम्राज्ञी. साम्राज्य मधला सा डोक्यात असतो म्हणून हात तिकडे जातो, पण तो सा फक्त साम्राज्य शब्दात येतो, तिथे प्रत्यय लागून पहिला स्वर वाढलेला आहे. मुलीचं नाव स पासूनच, गानसम्राज्ञी म्हणतो ना आपण लताबाईंना, तसंच. अजून एक गंमत म्हणजे सम् च्या पुढे र आला की एरवी अनुस्वार होतो, संरक्षण, संरचना वगैरे, पण सम्राट मध्ये म तसाच राहतो आणि त्याच्यासाठी पाणिनीने वेगळं सूत्र केलंय, 8.3.25. एका शब्दासाठी वेगळा नियम, मला तर हे नाव त्यामुळे अजूनच आवडतं. आणि ज्ञ बघून कुणी अर्थ "ज्ञानी" सांगितला तर तो धरू नका, हा ज्ञ राजन् मधल्या ज आणि न पासून झालाय, ज्ञानाशी त्याचा काही संबंध नाही. शंका असेल तर आपट्यांच्या संस्कृत कोशात सम्राज् शब्द काढून बघा.

नाव लांब वाटत असेल तर नुसतं राज्ञी पण सुंदर आहे, येसूबाईंच्या शिक्क्यावर "श्री सखी राज्ञी जयति" होतं, त्यामुळे आपल्या इतिहासाशी तो शब्द जास्त जवळचा. आम्ही घरी समू म्हणतो.

किती मुलींचं आहे हे नाव? ह्याचा आकडा सांगणारा कुणी भेटला तर त्याला विचारा कुठून आणला. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले 1880 पासूनची बाळांच्या नावांची यादी देतात, वर्षात निदान 5 बाळांना ठेवलेलं नाव त्यात येतं, आपल्याकडे जन्मनोंदणीतून अशी वर्षाची यादी कुठलं सरकारी खातं छापत नाही. मतदार यादीत शोधता येतं, पण त्यात 18 च्या पुढचेच, म्हणजे आत्ताच्या बाळांचं काहीच कळणार नाही. मी सरळ ओळखीच्या दोन बालवाडीच्या बाईंना विचारलं, त्यांच्याकडे एकही नव्हती. एवढं पुरे, शाळेत हाक मारल्यावर चार मुली वळून बघणार नाहीत हे बघायचं होतं.

आता स्पेलिंग, इथेच सगळं अडतं. ज्ञ आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य म्हणतात, संस्कृतच्या पुस्तकात जे-एन लिहितात. म्हणून एकाच नावाची निदान तीन स्पेलिंग होतात, शेवटी आय की डबल ई ते धरलं तर सहा. माझं मत, महाराष्ट्रात राहणार असाल तर डी-एन-वाय, ज्ञानेश्वर आणि ज्ञानदा तसेच लिहितात, लोकांना सवय आहे, आणि शेवटी साधा आय. जी-वाय परप्रांतात वाचायला सोपं जातं पण मग सगळे तिला सम्राग्यी म्हणणार हे धरून चला. काहीही निवडा, पण कागदावर लिहा, आई-बाबा-आजी-आजोबा सगळ्यांच्या फोनमध्ये तो फोटो ठेवा आणि फॉर्म भरणारा जो असेल त्याला तोच दाखवा. अक्षरं तोंडी सांगू नका, आमचं तिथेच चुकलं.

नोंदणीची घाई करू नका पण वेळ कळायला हवी. जन्म 21 दिवसांत नोंदवायचा, नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. नंतर नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांत नाव फुकट घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळा, पासपोर्ट सगळीकडे हा दाखलाच लागतो, त्यामुळे पहिलं बरोबर करायचं ते हेच, मग त्यावरून आधार. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे, तेव्हा सम्राज्ञी धरून पूर्ण नाव एकदा सलग लिहून बघाच, आईचं नाव पण लांब असेल तर फॉर्मच्या चौकटी पुरतात का ते दिसेल.

किताबासारखं नाव म्हणून आपल्याकडे कुणी अडवत नाही, युवराज, सम्राट, राजकुमार किती आहेत. न्यूझीलंडमध्ये मात्र पदवीसारखी वाटणारी नावं नाकारतात, किंग आणि प्रिन्सेस तिथे नाकारली गेली आहेत, बाळ तिकडे होणार असेल तर आधी विचारून घ्या.

नावरस नाव बघणाऱ्यांसाठी, स म्हणजे शततारका, कुंभ रास.

आणि बारशाच्या बॅनरचा आणि केकवरच्या नावाचा नमुना छापायच्या आधी स्वतः वाचा, आमच्या दोन्हीवर साम्राज्ञी आलं होतं.