हिवाळ्यात घरातच कोथिंबीर, पुदिना कसा लावाल?

थंडीत घरात लावलेली रोपं जगत नाहीत, असं बरेच जण म्हणतात. कोल्हापुरात तरी थंडीचं भय बाळगायचं कारण नाही. इथे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही पारा साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असतो, आणि कोथिंबीर, मेथी, लसणाची पात यांना हीच हवा मानवते. घरातली रोपं जातात ती उजेड कमी पडल्याने आणि पाणी जादा झाल्याने.

१. आधी खिडकी ठरवा
हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात भर दुपारीही तो आपल्याकडे क्षितिजापासून ५० अंशांच्याच उंचीवर असतो. म्हणून मे महिन्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही, तिथे आता ते थेट आत शिरतं. चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा शोधा. स्वयंपाकघर उत्तरेला असेल तर ओट्याचा मोह सोडा, कुंड्या हॉलच्या खिडकीत ठेवा. समोरच्या इमारतीने ऊन अडवलं असेल, तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर रोज १२ तास लावा.

२. माती
आपली काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. गुऱ्हाळावरचं चिपाड मिळालं तर ते कुजवूनच मिसळा. कच्चं चिपाड कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात.

३. कोथिंबीर
वाण्याकडचे धने चालतात, फक्त ते नवे आणि न भाजलेले हवेत. एका धन्यात दोन बिया असतात. धने ताटात पसरून वरून लाटणं हलकेच फिरवा. दाण्याच्या दोन डाळिंब्या सुट्या झाल्या की थांबा, भरड करू नका. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळा. कोथिंबिरीचं सोटमूळ सरळ खाली जातं, म्हणून कुंडी किमान सहा-सात इंच खोल घ्या आणि बी थेट तिच्यातच पेरा. उपटून दुसरीकडे लावलेलं रोप बहुधा रुसतं. बोटभर अंतराच्या ओळी करा, वर अर्धा इंच माती सारा, पाणी झारीने द्या. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. दाटी झाली तर मधली रोपं काढून आमटीत टाका. साधारण ४० दिवसांनी बाहेरच्या काड्या कात्रीने कापत जा, मधला गाभा ठेवा. पुन्हा फुटवा येतो, आणि रविवारच्या तांबड्या रश्श्यावर भुरभुरायला घरचीच कोथिंबीर मिळते.

४. पुदिना
बी शोधत बसू नका. लक्ष्मीपुरीच्या किंवा कपिलतीर्थच्या मंडईतून जुडी आणा, जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पाण्यात उभ्या करा. पाणी एक दिवसाआड बदला. आठवड्या-दीड आठवड्यात पांढरी मुळं सुटली की कुंडीत लावा. कुंडी मात्र स्वतंत्र हवी, कारण पुदिना शेजाऱ्याला जागा ठेवत नाही.

लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचल्या की तीन आठवड्यांत पात कापायला येते. ओव्याचं पान भज्यांसाठी लावत असाल तर त्याला सगळ्यात कमी पाणी द्या. पान जाड असतं, पाणी साठवून ठेवतं.

५. पाणी
वेळापत्रक लावून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पाणी सकाळी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. मातीवर चिलटं घोंघावू लागली तर पाणी जादा होतंय, हे नक्की.

६. मावा
ढगाळ हवा झाली की पानं उलटून बघा. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर एक लिटर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. त्यानंतर चार दिवस तो पाला वापरू नका, मग धुऊन घ्या.

फेब्रुवारी सरता-सरता ऊन तापलं की कोथिंबीर फुलोऱ्यावर येईल. तेव्हा दोन-तीन रोपं तशीच राहू द्या. धने कुंडीतच तपकिरी होऊन वाळले की काढा, कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा आणि पुढच्या नोव्हेंबरात तेच पेरा.