नाल्याकाठचा उकिरडा हिरवा करायचा असेल तर

आमच्या पुण्यातल्या सोसायटीमागे नाल्याकाठी राडारोडा, बाटल्या आणि सुबाभळीचं रान होतं. तिथे चार पावसाळे घालवल्यावर सांगते.

जागा कुणाची ते आधी शोधा, लेखी परवानगी घ्या. सुबाभूळ कितीही नकोशी वाटली तरी तिला परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका. १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

मग पहार मारून बघा. खण्णकन वाजली तर खाली सिमेंट. मी पहिल्या वर्षी हे न बघता राडारोड्यावरच वीतभर माती पसरून चाळीस रोपं लावली. एप्रिलपर्यंत सहा उरली. उपटून पाहिलं, तर मुळं फुटक्या फरशीवर आडवी पसरलेली, चटईसारखी!

म्हणून मे महिन्यातच दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे घ्या, उन्हात तापू द्या. दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत. जूनचे दोन दणदणीत पाऊस झाले की लावा. काठाला करंज, उंबर. वरच्या अंगाला बहावा, ताम्हण. मधल्या फटीत अडुळसा आणि निर्गुडी, कारण अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत. पाण्याच्या वाटेत मात्र काहीच नको.

झाडांचा पट्टा मधेच तुटू देऊ नका. शेजारच्या सोसायटीला कुंपणालगतची चार फूट जागा मागा. चहा पाजून मागितली की मिळते.

पालापाचोळा जाळायचा नाही, बुंध्याभोवती पसरायचा. पहिली तीन वर्षं फेब्रुवारी ते मे आठवड्याला पाणी. आमच्याकडे बादल्यांची पाळी जिन्यातल्या फळ्यावर लिहिलेली असते.