जुन्या व्हॉल्व्ह सेटचा रिपीटर करताय? आधी सिरीज बल्ब लावा

रिपीटर म्हणजे आलेला रेडिओ संदेश पकडून पुन्हा जोरात प्रक्षेपित करणारा सेट. त्यासाठी चोर बाजारातून आणलेला जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ट्रान्समीटर थेट २३० व्होल्टला लावू नका. आपल्या मुंबईच्या दमट हवेत ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये ओल धरलेली असते. आधी सेट खोक्यात ठेवून आत ४० वॉटचा साधा बल्ब एक-दोन दिवस पेटता ठेवा, चांगला सुकू द्या. मग मेनच्या फेज वायरमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घाला (एलईडी इथे चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मेणाचे ओघळ आलेले पेपर कपॅसिटर मोजत बसू नका, सरळ बदला. लॅमिंग्टन रोडला ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर सहज मिळतात. व्हॉल्व्हमधल्या ग्रिडला (प्रवाह आवरणाऱ्या जाळीला) सिग्नल पोचवणारा कपलिंग कपॅसिटर गळका असेल, म्हणजे डीसी पुढे जाऊ देत असेल, तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, प्लेट लालबुंद होते आणि चांगला व्हॉल्व्ह हकनाक जातो.

रिपीटर तासन्‌तास बोलत राहतो. हौशी (हॅम) रेडिओ सेटचं रेटिंग बहुतेकदा थांबून-थांबून बोलण्यासाठी असतं, म्हणून पॉवर निम्म्यावर आणा आणि पंखा लावाच.

आणि हात घालण्याआधी प्लग काढून पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरवर शून्य बघा. त्यातला विजेचा साठा सेट बंद केल्यावरही जीव घेऊ शकतो. रिपीटर हवेत सोडायला परवानाही लागतो, तो आधी घ्या.