बिझनेस गेम वर्गात खेळवताय? मग या चुका टाळा

टर्म सुरू झाली की एखाद्या नव्या प्राध्यापकाचा फोन ठरलेला. "सर, यंदा स्ट्रॅटेजीला सिम्युलेशन लावतोय. कुठलं घेऊ?" मी विचारतो, किती तास मिळालेत? पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "दोन लेक्चर जोडून मागितलीत."

इथेच निम्मं बिघडलेलं असतं.

गेली चौदा वर्षं मी एमबीएच्या मुलांना हे सिम्युलेशनचे, म्हणजे खोटा धंदा चालवून शिकायचे, खेळ खेळवतोय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्लोन स्कूलमध्ये १९६०च्या सुमारास जन्मलेला बिअर गेम पुठ्ठ्याच्या पटावर आणि नाण्यांवर होतो. कॅपस्टोनसारख्या संगणकावरच्या खेळात सेन्सर विकणाऱ्या सहापर्यंत कंपन्या एकमेकींशी आठ फेऱ्यांपर्यंत (एक फेरी म्हणजे कंपनीचं एक वर्ष) झुंजतात आणि त्याचे दर मुलामागे पैसे मोजावे लागतात. एक स्वस्त, एक महाग. प्राध्यापकांच्या चुका मात्र दोन्हीकडे त्याच.

खेळाला सगळा वेळ, बोलायला पाच मिनिटं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

एका कॉलेजात पाहुणा म्हणून गेलो होतो. नव्वद मिनिटं हातात, बत्तीस मुलं, चार पट. बिअर गेम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एका ओळीत रिटेलर, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि फॅक्टरी. प्रत्येकाकडे सुरुवातीला बिअरच्या १२ पेट्यांचा साठा. दर आठवड्याला खालून, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूने, ऑर्डरची चिठ्ठी येते, तुम्ही माल खाली सोडता आणि वर नवी ऑर्डर लिहिता. चिठ्ठी वर पोचून माल हातात पडेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पडून राहिलेल्या पेटीला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, मागणी पुरवता आली नाही तर थकलेल्या पेटीमागे एक डॉलर. आपसात बोलायचं नाही. गिऱ्हाईक पहिले चार आठवडे ४ पेट्या मागतं, पाचव्यापासून ८, आणि पुढे शेवटपर्यंत ८च. बस्स, एवढाच बदल. तो फक्त रिटेलरला दिसतो.

त्या दिवशी नियम समजावण्यात वीस मिनिटं गेली. दहाव्या आठवड्याला सगळ्यांचे साठे आटले, रिटेलर १६-२० मागू लागले, होलसेलर घाबरून ३०. एका फॅक्टरीवाल्या मुलीने ६० पेट्यांचं उत्पादन लावलं, आणि माल येऊन धडकला तेव्हा खालून आलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर शून्य, शून्य, शून्य. वर्गात नुसता कल्ला. मी खूश. मुलं रंगलीत म्हणून आठवडे वाढवत नेले. घंटा झाली तेव्हा आलेख फळ्यावर चढलेही नव्हते. पुढच्या तासाला दुसरे सर दारात उभे. "पुढच्या वेळी बोलू" म्हणालो. पाहुण्याला पुढची वेळ कसली!

महिन्याने त्या कॉलेजच्या मॅडमनी एका उत्तरपत्रिकेतली ओळ वाचून दाखवली. 'बिअर गेमवरून असे शिकायला मिळाले की साखळीतील होलसेलर निष्काळजी असल्यास त्यास ताबडतोब बदलावे.' मी कपाळावर हात मारून घेतला. खेळ मांडतात तो नेमका याच्या उलट गोष्टीसाठी. माणूस कोणीही बसवा, तशीच लाट उठते. दोष त्या उशिरात आणि न दिसणाऱ्या मागणीत आहे. चाबकाच्या मुठीशी मनगट जरासं हललं की टोकाला फटका बसतो, तसंच. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या डायपरच्या ऑर्डरींत हेच दिसलं होतं. बाळं काही एका आठवड्यात दुप्पट लंगोट ओले करत नाहीत, पण वरच्या ऑर्डरी मात्र हेलकावे खात होत्या.

तेव्हापासून माझा नेम: जितका वेळ खेळ, तितकाच वेळ चर्चा. तीन तास मिळत नसतील तर मी खेळ घेतच नाही, केस स्टडी घेतो. आणि चर्चेआधी एक गोष्ट न चुकता करतो. रिटेलर सोडून बाकी सगळ्यांना कोरा कागद देऊन सांगतो, गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल ते काढा. फॅक्टरीवाले हमखास डोंगर काढतात: चढण, शिखर, दरी. मग रिटेलरचा कागद उलटा करायचा. ४ची रेघ, एक पायरी, ८ची रेघ. "एवढंच?" हा आवाज मागच्या बाकावरून आला की मी पहिला प्रश्न विचारतो, त्याआधी नाही.

'बिअर'चं 'दूध' करू नका

संस्थेत बिअर शब्द चालत नाही, मान्य. मग काही जण 'दूध गेम' करतात. पाचव्या मिनिटाला हात वर होतो: "सर, दूध तीन आठवडे साठवलं तर नासणार नाही का?" बरोबर आहे पोराचं, आणि आता अर्धा तास त्यातच जाणार. साबणाच्या पेट्या म्हणा, वह्यांचे गठ्ठे म्हणा. न नासणारं काहीही.

नंबर काढून गुण देणं

संगणकावरच्या खेळात ही चूक जास्त महागात पडते. पहिल्या क्रमांकाला २० पैकी २०, शेवटच्याला ८, असं जाहीर केलं की मुलं कंपनी चालवणं सोडून गुण मिळवायला लागतात. त्यांचं तरी काय चुकलं?

एका बॅचला आठच फेऱ्या आहेत हे मी पहिल्याच दिवशी सांगून बसलो होतो. सातव्या फेरीपर्यंत तिसरी असलेली टीम आठव्यात पहिली आली. कशी? आर अँड डी शून्य, ट्रेनिंग शून्य, अर्धी मशिनरी विकली आणि त्या पैशांतून मोठा डिव्हिडंड वाटला. टाळ्या, सेल्फी. मी विचारलं, "नववं वर्ष उजाडलं तर ही कंपनी काय विकेल?" टीमचा म्होरक्या हसत म्हणाला, "सर, नववं वर्ष नाहीये." खरं होतं, आणि ते त्याला मीच सांगितलं होतं.

आता मी शेवट कधीच सांगत नाही. बिअर गेममध्ये ही युक्ती जुनीच आहे: पन्नास आठवडे खेळायचे म्हणून सांगायचं आणि छत्तिसाव्याच्या आसपास अचानक थांबवायचं. संगणकावर थोडी गैरसोय होते, कारण आठ फेऱ्यांचं वेळापत्रक सगळ्यांना दिसतं. म्हणून मी सहाव्या किंवा सातव्या फेरीलाच थांबवतो. मुलं चिडतात. चिडू देत.

गुण देतो ते एका पानाला. फेरीचा निर्णय सबमिट करण्याआधी टीमने लिहून द्यायचं की काय होईल आणि का होईल. निकाल आल्यावर त्याच पानाखाली, वेगळ्या शाईत, काय झालं ते. गेल्या वर्षीच्या एका पानावर वर लिहिलं होतं, 'किंमत एक डॉलरने कमी केली की आपला हिस्सा वाढणार.' खाली हिरव्या पेनाने: 'बाकी तिघांनीही कमी केली. ते पण विचार करत असतील हे आमच्या लक्षातच आलं नाही.' ही टीम चौथी आली. तिला मी १८ दिले, आणि त्यावरून विभागप्रमुखांशी वादही घातला.

किरकोळ, पण रोजच्या

सात-आठ जणांची टीम करू नका. दोघं खेळतात, बाकी पॉपकॉर्न खातात. चार पुरे.

एक्सेल येणाऱ्या एकाच मुलाच्या ताब्यात लॅपटॉप राहतो. मी दर फेरीला लॅपटॉपवर बसणारा बदलतो. पहिले दोन दिवस रडारड होते.

४ आणि ८ हे आकडे इंटरनेटवर कधीचेच आहेत, सीनिअर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही. आठवडा बदला, आकडा बदला. ५चे ९ करा, सातव्या आठवड्यात करा.

सरावाची फेरी गाळू नका. 'वेळ वाचवतो' म्हणणारे पुढे तीन फेऱ्या "सर, हे बटण कुठलं?" ला उत्तरं देत बसतात. कॅपस्टोनमध्ये विक्रीचा जो अंदाज संगणक आपोआप भरून देतो, तो तसाच सोडून देणं ही तर नवशिक्यांची सही म्हणावी. मग एक तर गोदाम फुगतं, नाही तर माल संपतो. आणि हातातली रोकड संपली की खेळातला बिग अल नावाचा सावकार दारात हजर, चढ्या व्याजाचं कर्ज घेऊन. मॅन्युअल वाचा म्हटलं की मुलं यूट्यूबवरचा 'दहा मिनिटांत जिंका' छापाचा व्हिडिओ बघून येतात. बघू देतो. पहिल्या फेरीत बिग अल भेटला की मॅन्युअल आपोआप उघडलं जातं.

मध्येच मदतीला धावू नका. हे मला अजून जमत नाही. कोणी ६० लिहिताना दिसलं की जीभ शिवशिवते, म्हणून मी खेळ चालू असताना चहाचा कप हातात घेऊन खिडकीपाशी उभा राहतो, पाठ वर्गाकडे. आणि चिठ्ठ्या पेन्सिलने लिहू देऊ नका. पंचविसाव्या आठवड्याला कोणीतरी २०चे १० केलेले असतात आणि मग चारही जण एकमेकांची वहीची पानं तपासत बसतात.