ध्रुवाकडे जायचंय? आधी एक कृमी ओळखायला शिका

ध्रुवीय किनाऱ्यावरच्या जीवांवर काम करते म्हटलं, की समोरचा आधी अस्वलाबद्दल विचारतो. अस्वल मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दुर्बिणीतून. चाळणी मात्र रोज बघते. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीची, खाली पाण्याचा नळ, वर समुद्रतळाचा लालसर चिखल. बोटीवरून सोडलेला लोखंडी जबडा तळाचा घास घेऊन वर येतो. तो चिखल हळूहळू धुवायचा आणि जाळीवर उरेल ते बरणीत भरायचं. बर्फाळ पाण्यात बोटं बधिर होतात आणि हातमोजे घातले तर बारीक काही उचलता येत नाही. या पेचावर अजून मला उत्तर सापडलेलं नाही.

वर्षाचा हिशेब मांडला तर प्रत्यक्ष ध्रुवीय प्रदेशात पाच-सहा आठवडे. बाकी सगळा काळ सूक्ष्मदर्शकाखाली ते जीव वेगळे काढण्यात, ओळखण्यात, मोजण्यात आणि मग आकडेवारीशी झगडण्यात जातो. एक बरणी निवडून संपवायला कधी एक दिवस लागतो, कधी तीन. हे वाचून हिरमोड झाला असेल तर आत्ताच झालेला बरा.

मी या क्षेत्रात शिरले ती गुणांच्या जोरावर नाही. पदव्युत्तर प्रकल्पाला माझ्या वाट्याला पॉलीकीट आले, म्हणजे समुद्रातले वलयांकित कृमी. इतरांना मासे हवे होते, प्रवाळ हवे होते. उरलेलं मला मिळालं. वर्षभर मी त्यांचे केस मोजले. केसांची रचना, जबड्यातले दात, डोळ्यांच्या जोड्या यांवरून कुळ ठरतं. पुढे स्वालबार्डला, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या द्वीपसमूहाला, जाणाऱ्या एका गटाला नेमका पॉलीकीट ओळखणारा माणूस हवा होता. त्यांच्याकडे बोटी होत्या, पाणबुडे होते, संगणकात तरबेज मुलं होती. कृमी ओळखणारं कोणी नव्हतं. म्हणून कोणीही नवीन मुलगा-मुलगी काय करू असं विचारते, तेव्हा माझं उत्तर एकच असतं: एक प्राणिगट धरा आणि त्यात मुरा. अॅम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक कवचधारी), ब्रायोझोआ (वसाहत करून चिकटून राहणारे सूक्ष्म प्राणी), स्पंज, काहीही चालेल. व्हेल आणि पेंग्विनच्या रांगेत आधीच खूप लोक उभे आहेत.

डीएनएवरून प्रजाती ओळखता येत असताना हे कशाला, असा प्रश्न येतो. पण डीएनएचा क्रम हाती आला तरी तो कोणाचा हे सांगायला आधी कोणीतरी खात्रीने नाव दिलेला नमुना लागतो. ते नाव माणूसच देतो. दोन्ही शिकलात तर उत्तमच.

माझी पहिली मोठी चूक नमुने बरणीत भरण्याच्या टप्प्यावरची. बरण्यांवर मी छान सुवाच्य अक्षरात पेनाने लेबलं लिहिली आणि आत अल्कोहोल भरलं. परतल्यावर पेट्या उघडल्या तर झाकणं पाझरलेली आणि शाई वाहून गेलेली. अकरा बरण्यांचं ठिकाण आणि खोली कायमची हरवली. तेव्हापासून लेबल पेन्सिलीने, जाड कागदावर, आणि बरणीच्या आत. बाहेरही एक, पण भरवसा आतल्यावर. दुसरं म्हणजे, शरीराची ठेवण नीट टिकवायची तर फॉर्मालिन आणि डीएनए काढायचा तर तीव्र अल्कोहोल, हे बोटीवर चढण्याआधीच ठरवून ठेवा. फॉर्मालिनमधल्या नमुन्यातून पुढे चांगला डीएनए काढणं फार अवघड जातं.

आता किनाराच का, याबद्दल. खोल समुद्रापेक्षा इथे बर्फाचा हात थेट पोचतो. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंड या समुद्राच्या फाट्याच्या उथळ तळावर बर्फाचे स्फटिक जमतात, तळावरच्या जीवांना चिकटतात आणि त्यांना उचलून वर नेतात. सागरी परिसंस्थांचे अभ्यासक पॉल डेटन यांनी १९६०च्या दशकात तिथे बुड्या मारून दाखवलं, की पहिल्या पंधरा मीटरांत जवळजवळ काही का टिकत नाही आणि तीस-तेहतीस मीटरांखाली स्पंजांची दाटी का दिसते. त्यातच हिमनग तळावर घासत जातात आणि नांगर फिरवल्यासारखी पट्टी साफ करतात. पुन्हा वस्ती जमायला तिथे वर्षानुवर्षं लागतात, कारण थंडीत वाढ फार सावकाश होते. त्याच मॅकमर्डोच्या माशांच्या रक्तात जीवशास्त्रज्ञ आर्थर डेव्हरीज यांना गोठणं थोपवणारी प्रथिनं सापडली. रक्त न गोठता हे मासे कसे पोहतात, हे त्यातून उलगडलं.

उत्तरेकडे गोष्ट वेगळी. स्वालबार्डमधल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत १९८०पासून समुद्रतळावरच्या ठरावीक चौकोनांचे दरवर्षी फोटो काढले गेले. तीस वर्षांच्या त्या मालिकेत १९९५च्या सुमारास शैवालाचं आच्छादन एकदम पाचपट झालेलं दिसतं. एकट्या उन्हाळ्यातल्या मोहिमेला हे कधीच दिसलं नसतं. २००४ मध्ये स्वालबार्डला निळे शिंपले पुन्हा सापडले. त्याआधी सुमारे हजार वर्षं ते तिथे नव्हते. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची कामं अशीच आहेत: तोच चौकोन, तोच कोन, पुन्हा पुढच्या वर्षी. ती करायला फारसं कोणी उत्सुक नसतं आणि निधी देणाऱ्यांनाही त्यात ‘नवीन’ काही दिसत नाही.

डायव्हिंग यायलाच हवं का? नाही. मला येत नाही. दोराचं टोक धरून वर उभं राहणारा, वेळ लिहिणारा, वर आलेले नमुने लगेच थंड पाण्यात हलवणारा माणूस प्रत्येक बुडीला लागतोच. शिकणार असाल तर आधी साध्या पाण्यात भरपूर तास काढा, मग ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख), मग बर्फाखाली. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात श्वासाचं यंत्र अडकून हवा सुटत राहू शकते, म्हणून एकमेकांपासून स्वतंत्र अशी दोन यंत्रं बाळगतात. २००३ मध्ये अंटार्क्टिकातल्या रॉथेरा या ब्रिटिश संशोधन तळाजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका तरुण शास्त्रज्ञाचा लेपर्ड सील या मोठ्या शिकारी सीलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाण्यात उतरण्याआधी कोणीतरी नुसतं पाण्यावर नजर ठेवून उभं असतं, ते उगाच नाही.

स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर पडताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं सक्तीचं आहे. त्यामुळे तिथे जीवशास्त्राच्या कामाआधी मी बंदूक चालवायला शिकले. नी-ओलेसुंड या तिथल्या संशोधन वस्तीत मी गेले तेव्हा रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद होते. पहिले दोन दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा. एप्रिलच्या उत्तरार्धापासून चार महिने सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री दोन वाजता चाळणीपुढे उभं असल्याचं भान राहत नाही. झोपेची वेळ घड्याळ लावूनच पाळा.

कागदपत्रांना कमी लेखू नका. अंटार्क्टिकात १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलमुळे, म्हणजे पर्यावरण जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, नमुने गोळा करायला आपल्या देशाच्या यंत्रणेची परवानगी लागते, शिवाय बुटांच्या तळव्यांतली माती आणि बियाही साफ कराव्या लागतात. माझ्या एका हंगामात नमुन्यांच्या परवान्याचा एक कागद आठ दिवस उशिरा आला. ते आठ दिवस आम्ही दुसऱ्यांच्या बोटी रंगवल्या.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचे करार, मग पुन्हा अर्ज, पुन्हा दुसरा देश. माझे चार करार झाले. मधल्या एका वर्षी मी पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या एका कंपनीसाठी बंदराजवळचे कृमी मोजले. पगार बरा होता आणि हात चालता राहिला, त्यामुळे त्या वर्षाची मला लाज नाही. असं काम मिळालं तर नाक मुरडू नका.

सुरुवात कुठून करायची? स्वालबार्डमधल्या लाँगइयरबायेन गावात स्वालबार्ड विद्यापीठ केंद्र, म्हणजे यूनिस आहे. तिथे आर्क्टिक जीवशास्त्राचे अभ्यासक्रम चालतात आणि त्यांत प्रत्यक्ष क्षेत्रकाम असतं. ध्रुवीय क्षेत्रात नव्याने आलेल्या संशोधकांसाठी एपेक्स नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. मोहिमांच्या जागा, शिष्यवृत्त्या, अनुभवी लोकांशी गाठ यासाठी तिच्याकडे लक्ष ठेवा. एखाद्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिताना ‘मला ध्रुव लहानपणापासून आवडतो’ असं लिहू नका. ‘तुमच्या मागच्या मोहिमेतले न निवडलेले नमुने असतील तर मी निवडून देईन’ असं लिहा. न निवडलेल्या बरण्या नाहीत अशी प्रयोगशाळा मी अजून पाहिलेली नाही. माझ्याच कपाटात मागच्या हंगामातल्या सदतीस पडून आहेत.